देवाला भिणाऱ्या सुइणी फारोला का भ्यायल्या नाहीत

इजिप्तच्या राजाने दोन सुइणींना बोलावून हुकूम दिला. इब्री, म्हणजे इस्राएली, बाई बाळंत होताना मुलगा झाला तर तिथल्या तिथे मारून टाकायचा, मुलगी झाली तर राहू द्यायची. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातली ही गोष्ट. हुकूम देणाऱ्याच्या हाती सैन्य, कोठारे आणि विटा थापणारी लाखो माणसे. ऐकणाऱ्यांच्या हाती काहीच नाही. तरीही त्या दोघींनी हुकूम पाळला नाही, मुलगे जगवले, आणि जाब विचारला गेला तेव्हा इब्री बायका काटक असतात, आम्ही पोहोचायच्या आत मोकळ्या होतात, असे सांगून वेळ मारून नेली. या धाडसाचे कारण कथा एकच देते. त्या देवाचे भय बाळगणाऱ्या होत्या. कथाकाराने राजाचे नाव लिहिलेले नाही. तो फारो नेमका कोण, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. सुइणींची नावे मात्र त्याने जपून ठेवली आहेत, शिप्रा आणि पुवा.

भीतीविषयी आपली रोजची समजूत या गोष्टीला लागू पडत नाही. भ्यालेला माणूस वाकतो, सांगितले ते करतो, नजर चुकवतो. इथे मात्र ज्यांच्या मनात भय आहे त्याच ताठ उभ्या आहेत. बायबलच्या ज्ञानपरंपरेत ‘परमेश्वराचे भय’ ही कल्पना जिथे जिथे येते तिथे ती बहुतेक वेळा अशीच वागते. एक मोठे भय मनात बसले की बाकीची अनेक भये उठून जातात. आणि हे भय सगळ्यांत आधी मागितले जाते ते ज्याच्या हाती दुसऱ्याचे बरेवाईट आहे त्याच्याकडून. आज ही कल्पना अडचणीची झाली आहे. सुशिक्षित माणसाला ती मागासलेली वाटते, चर्चच्या व्यासपीठावरूनही देवाच्या प्रेमावर चार प्रवचने होतात तेव्हा भयावर एखादे, तेही चाचरत. ही आपली मोठी हानी आहे असे मला वाटते, आणि ती केवळ ख्रिस्ती लोकांची नाही. मराठी वाचकाला हे ग्रंथ परकेही नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून हेच पुस्तक साध्या मराठीत आणण्यात घालवली. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल छापून निघाले.

ज्ञानपरंपरा म्हणजे मुख्यतः ‘नीतिसूत्रे’, ‘ईयोब’ आणि ‘उपदेशक’ ही तीन पुस्तके. पण देवाच्या भयाचा अर्थ नीट समजायचा तर आधी नियमशास्त्रात डोकवावे लागते, कारण तिथे तो उपदेशाच्या उंचीवरून खाली उतरून रस्त्यावर, शेतात आणि सावकाराच्या ओटीवर येतो. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा आहे, आणि तिला लागूनच आपल्या देवाचे भय बाळगावे असे सांगितले आहे. हे दोन अपराध एकत्र का आले याचा विचार करावा. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला धोंडा कोणी ठेवला ते दिसत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो स्वतःवरच्या अन्यायाचा साक्षीदारही होऊ शकत नाही, तर मग पंचांपुढे तक्रार कोण नेणार? त्याच अध्यायात पुढे पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे, तिथेही देवाचे भय हेच कारण. पंचविसाव्या अध्यायात जमिनीचा व्यवहार करताना एकमेकांना नाडू नये, कंगाल झालेल्या भाऊबंदाकडून व्याज घेऊ नये, विकल्या गेलेल्या माणसाला निर्दयपणे राबवू नये, असे सांगताना तीनही ठिकाणी देवाच्या भयाची आठवण करून दिली आहे. देवळातल्या विधींपेक्षा ती इथे अधिक आग्रहाने येते. एक बलवान, एक दुबळा आणि मध्ये कोणी बघणारा नाही, अशी परिस्थिती आली की हे शब्द हजर होतात. ‘अनुवाद’ या पुस्तकात अमालेकी लोकांचा अपराध सांगितला आहे तोही याच जातीचा. वाटचालीत थकून मागे पडलेल्या दुबळ्यांवर त्यांनी पाठीमागून हल्ला केला, कारण त्यांना देवाचे भय नव्हते.

नीतिसूत्रांत हीच गोष्ट शेताच्या बांधावर दिसते. पूर्वजांनी घातलेली सीमा सरकवू नये, पोरक्यांच्या शेतात शिरू नये, कारण त्यांचा कैवारी समर्थ आहे, असे तेविसावा अध्याय बजावतो. बांध कोरणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दरवर्षी नांगराच्या एका तासाने बांध सरकतो, दहा वर्षांत गुंठा गिळला जातो, आणि ज्याची जमीन गेली तो पोरका असेल किंवा विधवा असेल तर मोजणीचा अर्ज करायलाही कोणी नसते. या उपदेशाचे एक भावंड इजिप्तमध्ये सापडले आहे. आमेनेमोपे नावाच्या लेखकाचा बोधग्रंथ ब्रिटिश म्युझियममधल्या पपायरसवरून 1923 मध्ये इजिप्तचे अभ्यासक बज यांनी प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान यांनी नीतिसूत्रांच्या बावीस ते चोवीस या अध्यायांतल्या मजकुराशी त्याचे जवळचे साम्य दाखवून दिले. गरिबाला लुबाडणे, सीमा सरकवणे, खोटे माप, यांविषयीचा इशारा दोन्हीकडे आहे. म्हणजे दुबळ्याच्या पाठीशी कोणीतरी उभा आहे ही जाणीव एका वंशाची किंवा एका मंदिराची मिरासदारी नव्हती. इस्राएलच्या शहाण्यांनी ती शेजाऱ्याकडून घेताना कमीपणा मानला नाही, आणि तिला परमेश्वराच्या भयाच्या चौकटीत बसवले.

यावर आजचा माणूस म्हणेल की बघणारा कोणी नाही ही अडचण आता सुटली आहे. सीसीटीव्ही आहे, ऑनलाइन सातबारा आहे, बायोमेट्रिक हजेरी आहे, लेखापरीक्षण आहे, माहितीचा अधिकार आहे. या सगळ्यांचे मोल मी कमी मानत नाही. पण पाळत नेहमी वरून खाली जाते. कारखान्याच्या फाटकावरचा कॅमेरा मजूर किती वाजता आला ते टिपतो, मजुरी किती ठरवायची याची चर्चा बंद दाराआड होते. परीक्षागृहात विद्यार्थ्याच्या खिशाची झडती होते, पेपर फोडणारा बहुधा झडती घेणाऱ्यांच्याही वरच्या पायरीवर असतो. जसजशी सत्ता वाढते तसतसे बघणारे डोळे कमी होतात, आणि सर्वांत वर बसलेल्या माणसावर नजर ठेवायला त्याच्या मनाखेरीज कोणी उरत नाही. कायदा तिथपर्यंत पोहोचू नये असे मी म्हणत नाही, पोहोचलाच पाहिजे. पण कायदा राबवणाराही माणूसच असतो आणि त्याच्याही हातात एखाद्या दुबळ्याची फाईल असते.

म्हणून बायबल सत्ताधाऱ्याच्या निवडीची कसोटी म्हणून हे भय पुढे करते. इस्राएलचा पुढारी मोशे याला एकट्याने निवाडे करताना पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सल्ला देतो की कर्तबगार, देवाचे भय धरणारी, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे नेम. हा इथ्रो मिद्यानी याजक आहे, इस्राएली नाही. ‘अनुवाद’ पुस्तकात राजासाठी एक विलक्षण नियम आहे. गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती जन्मभर वाचावी, कशासाठी, तर देवाचे भय शिकावे आणि आपल्या भाऊबंदांहून आपण वरचे आहोत अशी घमेंड मनात येऊ नये. प्राचीन जगात राजा म्हणजे देवाचा पुत्र किंवा देवाची प्रतिमा मानला जाई. इथे राजाला विद्यार्थ्यासारखे वाचायला बसवले आहे. पण मला सर्वांत बोलके वाटते ते नहेम्याचे उदाहरण. इ.स.पू. 445 च्या सुमारास पर्शियन बादशहाने त्याला यहूदाचा सुभेदार नेमले. त्याच्या आधीचे सुभेदार रयतेकडून अन्न आणि द्राक्षारस घेत, वर चाळीस शेकेल रुपे घेत, आणि त्यांचे नोकरही लोकांवर मिजास करीत. नहेम्याच्या पंगतीला दीडशे माणसे असत, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरे लागत, तरी बारा वर्षांत त्याने सुभेदारीचा भत्ता घेतला नाही. तो भत्ता बेकायदा नव्हता, कोणी हरकतही घेतली नसती. लोकांवर आधीच ओझे फार आहे आणि मी देवाला भितो, एवढेच त्याचे कारण. हक्काचे असूनही न घेणे, हे कोणत्याही नियमावलीत बसवता येत नाही.

आता या भयाची दुसरी बाजू, जी सुइणींच्या गोष्टीत दिसली. माणसाची भीती हा फास आहे असे नीतिसूत्रे सांगतात, आणि परमेश्वराच्या भयात मात्र दांडगा विश्वास आणि मुलाबाळांसाठी आसरा आहे असे म्हणतात. वाचताना हे परस्परविरोधी वाटते, पण आपल्या आसपासचा अनुभव त्याला दुजोरा देतो. वरिष्ठाची मर्जी, गावकीचा बहिष्कार, मतदारांचा कौल, नातेवाइकांचे टोमणे, अशा अनेक धन्यांना भिणारा माणूस रोज नव्याने वाकतो, कारण हे धनी एकमेकांशी सहमत नसतात. अहाब राजाचा कारभारी ओबद्या याच्या बाबतीत ‘राजे’ या पुस्तकाने नोंदवले आहे की तो परमेश्वराला फार भिणारा होता, आणि ईजबेल राणी संदेष्ट्यांची कत्तल करत असताना त्याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास पन्नास करून गुहांमध्ये लपवले आणि अन्नपाणी पुरवले. राजवाड्यातल्याच नोकराने, राजवाड्याच्या विरोधात. ज्यूंच्या तालमुद या ग्रंथात योहानान बेन झक्काई या गुरूच्या अखेरच्या क्षणांची हकिकत आहे. शिष्यांनी आशीर्वाद मागितला तेव्हा त्यांनी म्हटले की माणसांचे जेवढे भय वाटते तेवढेच देवाचे वाटो. शिष्य चकित झाले, एवढेच? गुरूंचे उत्तर असे की एवढे साधले तरी पुष्कळ, कारण पाप करणारा माणूस मला कोणी पाहू नये एवढेच म्हणत असतो. आपल्याकडे गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर आठवड्याला पत्रे लिहिली, त्यांतले एक अभयावर आहे. त्यात त्यांनी बाहेरच्या सगळ्या भयांतून मोकळे व्हायला सांगितले, पण आतल्या शत्रूंना, म्हणजे वासना आणि क्रोध यांना, माणसाने भ्यावेच असेही नमूद केले. म्हणजे निर्भयतेचा धडा देतानाही त्यांनी एक भय राखून ठेवले.

ज्ञानाच्या बाबतीत या भयाचा लाभ काय, हे ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाइतके सुंदर क्वचितच कुठे मांडलेले असेल. त्या अध्यायात खाणकामाचे वर्णन आहे. माणूस अंधाराला हद्द घालतो, वस्तीपासून दूर विवर खणतो, दोराला लोंबकळत खाली उतरतो, डोंगर मुळापासून उलथवतो, नद्यांचे झिरपणे थांबवतो, लपलेले नीलमणी आणि सोने उजेडात आणतो. कवीला माणसाच्या या हुन्नराचे मनापासून कौतुक आहे. त्यात कुठेही उपहास नाही. मग तो विचारतो, शहाणपण मात्र कुठे सापडते? त्याची खाण कुठली? ते सोन्याने विकत मिळत नाही, समुद्र म्हणतो माझ्याकडे नाही. शेवटी उत्तर येते की परमेश्वराचे भय हेच शहाणपण आणि दुष्टाईपासून दूर राहणे हीच समज. विज्ञानाला विरोध करणारे लोक या अध्यायाचा आधार घेऊ शकत नाहीत, कारण खाणकाम थांबवा असे त्यात म्हटलेले नाही. त्याने दाखवलेला फरक कौशल्य आणि शहाणपण यांच्यातला आहे. डोंगर कसा फोडावा हे कौशल्य सांगते. तो फोडावा का, त्याच्या पायथ्याशी कोण राहते आणि उलथलेल्या मातीखाली कोणाचे शेत जाईल, हे प्रश्न विचारायला आपल्याहून मोठे काहीतरी आहे असे वाटावे लागते. ज्याला आपण मोजले तेवढेच जग वाटते तो शिकायचेही थांबतो. नीतिसूत्रांतला मूर्ख हा बुद्धीने कमी असलेला माणूस नाही, तो स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेला माणूस आहे, आणि सल्ला न ऐकणे हे त्याचे मुख्य लक्षण.

या मांडणीवरचा सर्वांत प्रसिद्ध आक्षेप बर्ट्रंड रसेल यांचा. 6 मार्च 1927 रोजी लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानात, आपण ख्रिस्ती का नाही हे सांगताना, त्यांनी धर्माचा पाया मुख्यतः भीती आहे असे म्हटले, अज्ञाताची, पराभवाची, मृत्यूची भीती, आणि भीतीतून क्रौर्य जन्मते असा निष्कर्ष काढला. त्यांचे दुसरे विधान मला मान्य आहे. घाबरलेला माणूस आणि घाबरलेला समाज क्रूर होतो, याचे पुरावे इतिहासात ढिगाने आहेत. पण म्हणूनच वर सांगितलेली उदाहरणे तपासून पाहावीत. सुइणी, ओबद्या, नहेम्या यांच्यात भयातून क्रौर्य आलेले नाही, उलट दुसऱ्याचे क्रौर्य अडले आहे. नीतिसूत्रांनी आपल्या भयाची ओळख पटवायला एक साधी खूणही दिली आहे. ते भय धरणारा समाधानाने निजतो, असे एकोणिसावा अध्याय सांगतो, आणि गोंधळासह मिळालेल्या मोठ्या संपत्तीपेक्षा त्या भयासह असलेले थोडके बरे, असे पंधरावा. ज्या भीतीने झोप उडते, जी माणसाला रात्रभर आपल्याच पापांची उजळणी करायला लावते, लहान मुलांना नरकाच्या चित्रांनी दचकून उठवते, ती या कसोटीला उतरत नाही. तिला धर्माचे नाव लावले म्हणून ती वेगळी होत नाही. देवबाप्पा कान कापेल असे सांगून पोराला गप्प बसवणारा मोठा माणूस देवाचे भय शिकवत नसतो, तो स्वतःच्या सोयीसाठी देवाला कामाला लावत असतो.

याहून खोल आक्षेप असा की शिक्षेच्या धाकाने केलेले चांगले काम चांगले कसले? हा आक्षेप आधुनिकांनी शोधलेला नाही, तो बायबलमध्येच सैतानाच्या तोंडी आहे. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात तो देवाला विचारतो की ईयोब काय फुकट देवाचे भय बाळगतो? त्याची मेंढरे, उंट, मुले, घर, सगळ्यांभोवती तू कुंपण घातले आहेस, ते काढून बघ. पुढची चाळीस प्रकरणे म्हणजे या प्रश्नाची तपासणी आहे. ईयोबाचे सगळे जाते, तो ओरडतो, देवावर खटला भरू पाहतो, जन्मदिवसाला शाप देतो. बक्षिसाची आशा संपलेली आहे, शिक्षा तर भोगतोच आहे. आणि एकतिसाव्या अध्यायात तो आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो तेव्हा काय सांगतो? माझ्या दासदासींनी माझ्याविरुद्ध गाऱ्हाणे केले तेव्हा ते मी झिडकारले नाही, कारण ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच त्यांनाही घडवले. गावाच्या वेशीत, जिथे न्यायसभा भरते, तिथे माझ्या बाजूने बोलणारे आहेत हे ठाऊक असूनही मी पोरक्यावर हात उगारला नाही. निकाल आपल्याच बाजूने लागणार हे माहीत असताना हात आवरणे, याला शिक्षेचा धाक म्हणता येत नाही. ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथातील सोखोच्या अँटिगोनस यांचे वचनही याच दिशेचे आहे. बक्षिसासाठी धन्याची चाकरी करणाऱ्यांसारखे होऊ नका असे ते सांगतात, आणि त्याच दमात स्वर्गाचे भय तुमच्यावर असो असे म्हणतात. बक्षीस काढून घेतले, भय ठेवले. भय ही जर फक्त देवाणघेवाणीची बाब असती तर असे करता आले नसते.

इतिहासाचा आक्षेप या दोन्हींपेक्षा जड आहे, आणि गोव्याच्या आठवणी असलेल्या मराठी-कोकणी समाजाला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी चालली. देवाच्या नावाने माणसांना घराच्या रीतिरिवाजांसाठी, कपड्यांसाठी, घरातल्या तुळशीसाठी भीत राहायला लावले गेले. याचे समर्थन होऊ शकत नाही आणि मी करणार नाही. पण ज्ञानपरंपरेच्या मापाने पाहिले तर त्या कचेरीत देवाचे भय कमतरच होते असे म्हणावे लागेल, कारण जिथे बलवान, दुबळा आणि बंद दार एकत्र येतात नेमक्या त्याच ठिकाणी न्यायाधीशांनी स्वतः भ्यायला हवे होते, आणि त्यांनी ती भीती आरोपीवर ढकलली. ईयोबाच्या मित्रांनीही हेच केले होते. अलीफज हा त्यांतला ज्येष्ठ. तो देवाच्या भयाचे नाव घेऊन दुःखी माणसाला झोडपतो, पुरावा नसताना त्याच्यावर गरिबांना नागवल्याचा आरोप ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, अलीफज आणि त्याच्या दोन सोबत्यांवर भडकतो. धर्मरक्षणाच्या नावाने दुसऱ्याला भेवडावणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट निकाल बायबलमध्ये नाही. केवळ थरथरणेही पुरेसे नसते हे अमेरिकेच्या थॉमस जेफरसन यांच्या उदाहरणावरून दिसते. व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या पुस्तकात गुलामगिरीबद्दल लिहिताना, देव न्यायी आहे हे आठवले की मला देशाच्या भवितव्याची धास्ती वाटते, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले. त्यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली आणि त्यांतली फारच थोडी मुक्त केली. नहेम्याचे भय त्याच्या ताटापर्यंत पोहोचले होते, जेफरसन यांचे कागदावर राहिले.

मग देव न मानणारे प्रामाणिक नसतात काय? असतात, आणि पुष्कळ असतात. 2016 साली ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझील, मॉरिशस, फिजी, वानुआतू, टांझानिया आणि सायबेरियातल्या आठ समाजांतल्या 591 लोकांना पैसे वाटण्याचा खेळ दिला होता. आपला देव सगळे जाणतो आणि शिक्षा करतो असे मानणाऱ्यांनी दूरच्या अनोळखी धर्मबांधवांना अधिक न्यायाने वाटा दिला. मी या निष्कर्षावर फार भार टाकत नाही, कारण धर्मबांधव हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे, आणि लेवीयाची आज्ञा परक्यालाही कवेत घेते. बायबल स्वतः श्रद्धावंतांच्या याच अहंकाराला एका गोष्टीत आरसा दाखवते. अब्राहाम गरार या परमुलखात जातो, इथे देवाचे भय नक्कीच नसणार असे गृहीत धरतो, आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगतो. राजा अबीमलेख तिला नेतो, पण स्वप्नात सत्य कळताच सकाळी उठून तिला परत करतो, आणि अब्राहामाला सरळ विचारतो की तू आमच्याशी असे का वागलास? ज्याला भय नसेल असे वाटले त्याच्याकडे ते होते, आणि ज्याच्याकडे असायला हवे होते तो त्या दिवशी माणसांना भीत होता. ईयोबही इस्राएली नाही, तो ऊस देशाचा. आपल्या कृतीचा हिशेब कुठेतरी द्यावा लागेल अशा जाणिवेने वागणारा नास्तिक आणि कशाचीच तमा न बाळगणारा भाविक, यांत ही परंपरा कोणाला जवळ करील हे मला अवघड कोडे वाटत नाही. मात्र ती जाणीव पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला तिला बोलायची भाषा लागते, प्रार्थना लागते, आठवड्याचा एक दिवस लागतो. ते सगळे टाकून देऊन फक्त फळ तेवढे ठेवू म्हणणाऱ्यांच्या नातवंडांकडे ते किती उरेल याची मला काळजी वाटते.

शेवटचा प्रश्न आपल्या मातीतला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते. वारकऱ्यांचा देव तर माउली, तिला कोण भिणार? आणि नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रातही पूर्ण प्रेम भीतीला हाकलून देते असा विचार आहे. त्या पत्रात ज्या भीतीला हाकलले आहे ती शिक्षेची भीती, असे तिथेच स्पष्ट केले आहे. सीनाय डोंगराजवळ मोशे लोकांना एकाच वाक्यात भिऊ नका म्हणतो आणि देवाचे भय तुमच्यापुढे असावे म्हणून हे घडले असेही सांगतो. एकशेतिसावे स्तोत्र त्याहून पुढे जाते. त्यात देवाचे भय धरण्याचे कारण त्याच्याजवळ क्षमा आहे हे दिले आहे. क्षमा करणाऱ्याला भ्यायचे, याचा अर्थ ज्याने आपले इतके सोसले त्याचे मन आपल्या हातून दुखावू नये अशी धास्ती. माउलीवर जीव असलेल्या वारकऱ्याला ही धास्ती परकी नाही. माळ घातल्यावर जिभेला आणि हाताला जे वळण लागते ते धाकाने लागत नाही, तरी ती माळ मोडण्याची भीती त्याला असतेच. ज्या प्रेमात दुखावण्याची अजिबात भीती नाही ते प्रेम बहुधा गृहीत धरलेले असते, आणि गृहीत धरलेला देव प्रत्येकाच्या सोयीचा असतो, फारोच्यासुद्धा.

रविवारच्या शाळेत परमेश्वराचे भय ज्ञानाचा आरंभ असल्याचे मुलांकडून पाठ करून घेतात. नीतिसूत्रांतला बाप मुलाशीच बोलतो हे खरे, पण तो मुलगा उद्या शेताचा, चाकरांचा आणि वेशीतल्या न्यायसभेतल्या मताचा धनी होणार आहे, म्हणून बोलतो. तेव्हा जे आज धनी झालेले आहेत त्यांना हा पाठ वगळण्याचे कारण नाही. चर्चच्या आणि देवस्थानांच्या विश्वस्तांची बैठक, शाळाप्रवेशाची समिती, पतपेढीचे संचालक मंडळ, तलाठ्याची सजा, कामाला पोर ठेवलेले सुखवस्तू घर, इथे तो आधी वाचला जावा. पोरे नंतर वाचतील, आणि तोपर्यंत मोठ्यांनी काय केले ते त्यांनी पाहिलेलेही असेल.